लंडनच्या परसात उतरणारे पोपट: फीडर ठेवावा की काढावा?

थेम्सकाठ (१४ जानेवारी)

गेली अकरा वर्षे आम्ही लंडनच्या नैर्ऋत्येला ट्विकनहॅम या उपनगरात राहत आहोत. घरामागे लहानशी बाग आहे, तिच्या टोकाला शेजाऱ्यांचे जुने ॲशचे झाड आहे आणि स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर लोखंडी खांबावर पक्ष्यांसाठी दोन फीडर टांगलेले आहेत. एकात सूर्यफुलाच्या बिया असतात, दुसऱ्यात बिनमिठाचे कच्चे शेंगदाणे. पहिली चार वर्षे तेथे ब्लू टिट, ग्रेट टिट, रॉबिन, कधीतरी एखादा नटहॅच आणि थंडीत गोल्डफिंचची लहान टोळी, एवढेच पाहुणे येत. पोपट डोक्यावरून ओरडत जात, परंतु उतरत नसत. मग एका डिसेंबरात एक मादी ॲशच्या शेंड्यावर येऊन बसली, दोन दिवस तिने नुसते निरीक्षण केले आणि तिसऱ्या दिवशी ती शेंगदाण्यांच्या जाळीला उलटी लटकली. त्या आठवड्याच्या अखेरीस पाच पोपट येऊ लागले होते. आज सकाळी मी एकोणीस मोजले.

हे पोपट म्हणजे आपल्याकडचा कंठवाला पोपट, लहानपणापासून आपण ज्याला राघू म्हणत आलो तोच. माझी आई वाईहून येथे प्रथम आली तेव्हा जेट लॅगमुळे पहाटेच उठून बसली होती. आवाज ऐकताच ती दार उघडून थंडीत तशीच बाहेर गेली आणि "अगं, हे तर आपले राघू!" असे म्हणून बराच वेळ तेथेच उभी राहिली. पुढे तिने रोज भिंतीवर दोन हिरव्या मिरच्या ठेवण्याचा नेम केला आणि पोपटांनी त्या कोणतीही कुरकुर न करता खाल्ल्या. मिरचीचा तिखटपणा आपल्याला ज्या द्रव्यामुळे जाणवतो, ते पक्ष्यांच्या जिभेला झोंबत नाही. त्यामुळे मिरचीचे बी पक्ष्यांनी खावे आणि दूरवर टाकावे, ही झाडाची सोयच असते. आईचा राहण्याचा मुक्काम दोन महिन्यांचा होता. तेवढ्या काळात तिला परकेपणा वाटला नाही याचे मोठे श्रेय मी या पक्ष्यांना देते.

त्यांना जवळून पाहण्यात एक वेगळेच सुख आहे. पायाची दोन बोटे पुढे आणि दोन मागे असल्यामुळे फीडरच्या कोणत्याही बाजूला, उलटे किंवा आडवे, ते सहज लटकतात. एक पाय हातासारखा वापरून दाणा चोचीपर्यंत नेतात, जिभेने बी फिरवून साल नेमकी बाजूला काढतात आणि गर गिळतात. ज्यांच्या गळ्यात काळा आणि गुलाबी कंठ आहे ते नर. तो कंठ यायला सुमारे तीन वर्षे लागतात, त्यामुळे कंठ नसलेला प्रत्येक पक्षी मादी असतोच असे नाही. सायंकाळी चारच्या सुमारास, अंधार पडण्याच्या थोडे आधी, ते सारे एका दिशेने, सरळ रेषेत आणि विलक्षण वेगाने रातथाऱ्याकडे निघून जातात. सरे परगण्यात ईशरजवळच्या एका रग्बी मैदानाकडेच्या पॉप्लरच्या झाडांवर एके काळी असे सुमारे ७,००० पोपट रात्री एकत्र येत असत.

आता अडचण सांगते. पोपट फीडरवर असेपर्यंत ब्लू टिट आणि ग्रेट टिट जवळ येत नाहीत. ते कुंपणाच्या झुडपात थांबतात, मान वळवून वळवून पाहतात आणि पोपट गेल्यानंतर घाईने एकेक दाणा घेऊन परत झुडपात जातात. हा केवळ माझा ग्रह असावा असे मला आधी वाटत होते, परंतु लंडनमध्येच यावर एक नीटनेटका प्रयोग झालेला आहे आणि त्याचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. संशोधकांनी बागांतल्या फीडरजवळ पिंजऱ्यातला पोपट ठेवून, त्याचा आवाज ऐकवून, लहान पक्षी किती वेळा खातात ते मोजले आणि तुलनेसाठी इंग्लंडच्याच एका सुतार पक्ष्याला तसेच ठेवून पाहिले. पोपट असताना टिट कमी वेळा आले आणि आले तरी खाण्यापेक्षा इकडेतिकडे पाहण्यात त्यांचा अधिक वेळ गेला. सुतार पक्ष्यामुळे एवढा फरक पडला नाही. मात्र ज्या भागांत पोपट आधीपासून स्थिरावलेले आहेत, तेथील टिट तुलनेने कमी बिचकले, हेही त्यात दिसून आले.

जानेवारीत येथे दिवस जेमतेम आठ तासांचा असतो. दहा-अकरा ग्रॅम वजनाच्या ब्लू टिटला एका थंड रात्रीतून तगून जाण्यासाठी त्या आठ तासांतच पुरेसे खावे लागते. मी खास त्याच्यासाठी विकत आणलेले दाणे जर त्यालाच मिळत नसतील, तर माझ्या फीडरचा उपयोग कोणाला होतो आहे? दुसरीकडे, ज्या पक्ष्याला पाहून माझ्या आईला घर आठवले, त्याला हाकलण्यासाठी खिडकीवर टाळी वाजवताना माझा हात अडखळतो. फीडर तसेच ठेवावेत, बदलावेत की काढून टाकावेत, याविषयी येथील जाणकारांचे मत मला हवे आहे. ज्यांनी पोपट शेतात, बागेत किंवा गच्चीवर जवळून पाहिले आहेत, त्यांनी अवश्य लिहावे.

---

मुळाकाठ (१४ जानेवारी)

थेम्सकाठताई, धागा अतिशय मनापासून लिहिला आहे. मी पुण्यात गेली तीसेक वर्षे पक्षीनिरीक्षण करतो आहे, तेव्हा पहिल्यांदा "आपले" या शब्दाविषयी थोडे लिहितो.

कंठवाल्या पोपटाच्या चार उपजाती मानल्या जातात: दोन आफ्रिकेतल्या, दोन भारतीय उपखंडातल्या. महाराष्ट्रात आपण पाहतो तो दक्षिणेकडील उपजातीचा. उत्तर भारतात व पाकिस्तानात आढळणारा आकाराने किंचित मोठा असतो. तुम्हाला खिडकीतून इतके जवळून पाहता येते, तर खालच्या चोचीकडे लक्ष द्या. आपल्या दख्खनी पोपटाची खालची चोच काळसर असते, उत्तरेकडच्याची बरीचशी लाल. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासात युरोपातल्या अनेक शहरांमधील पोपटांची पिसे व नमुने तपासण्यात आले, तेव्हा त्यांचे मूळ मुख्यत्वे पाकिस्तान आणि उत्तर भारत या पट्ट्यात असल्याचे दिसले. तेथील हिवाळा कडक असतो, म्हणून लंडन-ब्रसेल्ससारख्या ठिकाणी तग धरण्याची त्यांची तयारी आधीपासूनच होती, असे त्या संशोधकांचे म्हणणे आहे. वाईचे राघू नव्हेत, पण पंजाबकडचे चुलत भाऊ म्हणता येतील.

ते तेथे कसे गेले, हा प्रश्न मात्र मला अधिक अस्वस्थ करतो. त्याच अभ्यासात व्यापाराच्या नोंदीही पाहिल्या आहेत: १९८४ ते २००७ या काळात १,४६,००० हून अधिक कंठवाले पोपट युरोपात आयात झाले. ही केवळ नोंदलेली, जिवंत पोहोचलेल्या पक्ष्यांची संख्या आहे. ढोलीतून काढलेली पिल्ले, पोत्यात गुदमरलेली, वाटेत मेलेली, यांचा हिशेब कोणी ठेवला नाही. भारताने १९९०-९१ मध्ये देशी रानपक्ष्यांच्या व्यापारावर पूर्ण बंदी घातली आणि युरोपीय संघाने २००५ पासून आधी तात्पुरती आणि २००७ मध्ये कायमची आयातबंदी केली. आपल्या संतांनी वापरलेला शुकनलिकान्याय सर्वांना ठाऊक आहे: फिरत्या नळीवर बसलेला पोपट नळी फिरताच उलटा होतो आणि आपण बांधले गेलो आहोत या भ्रमाने ती सोडत नाही. तो दृष्टान्त आपण अध्यात्मासाठी वाचतो, परंतु तो सुचला आहे पारध्यांच्या प्रत्यक्ष पद्धतीवरून. म्हणजे पोपट धरण्याचा हा उद्योग आपल्याकडे किती जुना आहे ते पाहा.

आजही पुण्यात पेठांतल्या काही घरांत पिंजऱ्यात राघू दिसतो. कायद्याने तो ठेवता येत नाही, हे बहुतेकांना माहीतच नसते. तुमच्या फीडरवरचा पोपट निदान मोकळा आहे, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

---

साळुंकी (१५ जानेवारी)

सुंदर चर्चा. एक शंका विचारते. एका प्रसिद्ध गिटारवादकाने लंडनमध्ये पोपटांची जोडी सोडली आणि त्यांच्यापासून हे सारे थवे वाढले, अशी हकीकत मी अनेकदा ऐकली आहे. तीत काही तथ्य आहे का?

---

थेम्सकाठ (१५ जानेवारी)

साळुंकी, ती हकीकत येथे प्रत्येक जण सांगतो. जिमी हेन्ड्रिक्सने १९६० च्या दशकात कार्नाबी स्ट्रीटवर एक जोडी सोडली, ही एक कथा. दुसरी, १९५१ मध्ये एका आफ्रिकेतील कथानकाच्या चित्रपटासाठी लंडनजवळच्या स्टुडिओत आणलेले पोपट निसटले. तिसरी, १९८७ च्या मोठ्या वादळात पक्ष्यांची बंदिस्त घरे मोडली आणि ते उडून गेले. लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातील संशोधकांनी २०१९ मध्ये या कथांची तपासणी केली. मालिकेतले गुन्हे करणारा मनुष्य कोठे राहत असावा हे शोधण्यासाठी पोलीस नकाशावरच्या नोंदींचे जे गणित वापरतात, तेच त्यांनी पोपट दिसल्याच्या जुन्या नोंदींना लावले. वरीलपैकी कोणत्याही जागेकडे त्या नोंदी बोट दाखवत नाहीत, असे निष्पन्न झाले. पोपट अनेक ठिकाणांहून, अनेक वर्षे, थोडेथोडे सुटत आणि सोडले जात राहिले.

यातली एक बाब मला फार खिन्न करून गेली. १९२९-३० च्या सुमारास पोपटांपासून माणसाला होणाऱ्या सिटॅकोसिस या फुप्फुसाच्या आजाराची मोठी साथ अनेक देशांत पसरली, वर्तमानपत्रांत भीतिदायक मथळे आले आणि घाबरलेल्या लोकांनी घरातले पक्षी सोडून दिले असावेत, असे त्या संशोधकांना वाटते. म्हणजे प्रेमाने सोडलेले थोडे आणि भीतीने बाहेर काढलेले बरेच.

इंग्लंडमध्ये या पोपटांनी घरटे केल्याची पहिली नोंद १८५५ मधील, नॉरफोक परगण्यातली आहे. ती वस्ती टिकली नाही. आजच्या थव्यांचा सलग इतिहास १९६९ पासून, केंट परगण्यातील विणीपासून धरला जातो, आणि १९८३ मध्ये त्यांचे नाव ब्रिटनच्या पक्ष्यांच्या अधिकृत यादीत घेतले गेले. २०१२ च्या अंदाजानुसार विणीच्या जोड्या सुमारे ८,६०० होत्या, आणि त्यानंतर त्या वाढल्याच आहेत. आता मँचेस्टर, बर्मिंगहॅम आणि थेट ग्लासगोपर्यंत ते पोहोचले आहेत.

मुळाकाठ, तुमचे वाचून मी आज मुद्दाम दुर्बीण घेऊन बसले. नीट पाहता आलेल्या सात पक्ष्यांपैकी सहांची खालची चोच लालच होती.

---

सोन्यारान (१६ जानेवारी)

मी ब्रसेल्समध्ये राहतो. येथील पोपटांचा उगम मात्र नेमका ठाऊक आहे: १९७४ मध्ये हायसेल भागातल्या एका प्राणिउद्यानाने शहर अधिक रंगीत व्हावे म्हणून चाळीसेक पोपट मुद्दाम सोडले. आज ते हजारोंनी आहेत. माझ्या कार्यालयाकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या झाडांवर हिवाळ्याच्या संध्याकाळी त्यांची जी गर्दी होते, तिच्या आवाजात शेजारच्या माणसाचे बोलणे ऐकू येत नाही.

फीडरवरील भांडणापेक्षा ढोलीवरील भांडण अधिक गंभीर आहे, असे मला वाटते. पोपटाला स्वतः लाकूड कोरून घर करता येत नाही. त्याला सुतार पक्ष्याने सोडलेली किंवा फांदी कुजून झालेली ढोली लागते. ती तो चोचीने रुंद करतो. फेब्रुवारी-मार्चमध्येच तो जागा धरतो, तर नटहॅच विणीला लागतो एप्रिलच्या सुमारास. नटहॅच ढोलीच्या तोंडाला चिखल लावून ते स्वतःपुरते लहान करतो, ही त्याची रीत फार देखणी आहे, परंतु तो येईपर्यंत घर गेलेले असते. बेल्जियमच्या संशोधकांनी एक साधा प्रयोग केला. पोपटांनी धरलेल्या ढोल्यांची तोंडे त्यांनी बंद केली, तेव्हा बेघर झालेल्या पोपटांनी नटहॅचच्या ढोल्या घेतल्या आणि तेथील नटहॅचची संख्या घटली. ब्रिटनमध्ये मात्र २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात देशभराच्या पातळीवर नटहॅच कमी झाल्याचा ठोस पुरावा मिळाला नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात. जेथे जुनी झाडे विपुल आहेत तेथे सर्वांना जागा पुरते.

सर्वांत कठोर उदाहरण स्पेनमधले आहे. सेव्हिल शहरातल्या मारिया लुईसा उद्यानात ग्रेटर नॉक्ट्यूल ही युरोपातली मोठी आणि दुर्मीळ होत चाललेली वटवाघळे झाडांच्या ढोल्यांत राहतात. पोपटांनी त्यांना चोचीने मारून बाहेर काढल्याच्या नोंदी आहेत. १४ वर्षांत वटवाघळांचे वास्तव्य असलेली झाडे ८१ टक्क्यांनी कमी झाली, असे २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. मी स्वतः पोपटांवर प्रेम करणारा मनुष्य आहे, तरीही हे वाचल्यानंतर त्यांच्या संख्येत भर पडेल असे काही आपण करू नये, या मताला आलो. पॅरिसच्या उपनगरांतल्या अभ्यासातही बागांतल्या फीडरमुळेच हे पोपट युरोपचा हिवाळा काढत असावेत, असे सुचवले गेले आहे.

---

कोरडवाहू (१७ जानेवारी)

रामराम मंडळी. मी मंगळवेढ्याच्या काळ्या शिवारातला ज्वारीचा शेतकरी आहे. ताई, तुमच्या बागेत एकोणीस पोपट आले म्हणून तुम्हाला निर्णय घेणे अवघड जाते आहे. आमच्याकडे सध्या मालदांडीची कणसे भरत आली आहेत आणि सकाळी सूर्य वर यायच्या आत दीडशे-दोनशेंचा थवा रानात उतरतो. माझ्या आजोबांच्या वेळी शेताच्या मधोमध लाकडी माळा (मचाण) बांधून, गोफण आणि पत्र्याचा डबा घेऊन पोरांना पाखरे राखायला बसवत. मीही लहानपणी बसलो आहे. आता राखणीला माणूस मिळत नाही, मिळाला तर त्याची मजुरी ज्वारीला परवडत नाही, म्हणून चमकणाऱ्या फिती लावतो आणि घरातलेच कोणी ना कोणी पहाटे रानात जातो.

पोपटाची खोड तुम्ही जवळून पाहिली असेलच. चिमणी दाणा टिपते आणि दाणाच खाते. पोपट अख्खे कणीस मोडतो, त्यातले चार दाणे खातो, उरलेले खाली टाकतो आणि दुसऱ्या कणसावर जातो. खाण्यापेक्षा नासाडी जास्त. सूर्यफूल आम्ही तीन वर्षे लावले आणि पाखरांपायीच सोडले. इतके असूनही आमच्या घरात पोपट मारल्याचे मला आठवत नाही. कडेच्या दोन तासांची, म्हणजे ओळींची, ज्वारी पाखरांचीच, असे आजी म्हणत असे आणि त्या दोन तासांना विळा लावताना तिचा जीव दुखत असे.

तुमच्या प्रश्नावर माझे मत असे आहे. आमच्याकडे पोपटाला दाणा घालणारा कोणी नाही. तो स्वतः मिळवतो, आम्ही त्याला हाकलतो, तो परत येतो आणि विणीच्या दिवसांत बांधावरच्या लिंबाच्या ढोलीत पिल्ले वाढवतो. त्याला आमच्या दयेची गरज पडत नाही. ज्या पक्ष्याला खरोखर गरज आहे असे तुम्ही लिहिले आहे, त्या लहान पाखराला मिळेल अशी काही तरी जाळीची तजवीज करा. पोपट उपाशी राहणार नाही. तो फार हुशार आहे.

---

गच्चीवाली (१८ जानेवारी)

मी ठाण्यात सातव्या मजल्यावर राहते आणि आमच्या बाल्कनीत सहा वर्षांपासून पोपट येतात. समोरच्या पर्जन्यवृक्षांच्या रांगेत त्यांची घरटी आहेत. मी प्रारंभी भिजवलेली हरभऱ्याची डाळ आणि पेरूच्या फोडी ठेवत असे. पोपट आले, पण त्यांच्या मागोमाग कबुतरे आली आणि दोन महिन्यांत बाल्कनी त्यांचीच झाली. आमच्या मजल्यावरील एका वृद्ध काकांना श्वसनाचा जुना विकार आहे. कबुतरांच्या विष्ठेच्या आणि पिसांच्या धुळीमुळे फुप्फुसांना सूज येते, हे त्यांच्या डॉक्टरांनी सांगितल्यावर मला फार अपराधी वाटले. २०२५ मध्ये मुंबई महापालिकेने दादरचा कबुतरखाना बंद केला तेव्हा दोन्ही बाजूंनी किती तीव्र भावना होत्या, हे सर्वांनी पाहिलेच आहे. दाणा घालणे ही आपल्याकडे पुण्याची गोष्ट मानली जाते, म्हणून तिच्याविषयी शांतपणे बोलणे कठीण होते.

मी दाणे ठेवणे बंद केले आणि त्याऐवजी मातीच्या उथळ थाळीत पाणी ठेवू लागले, तेही मार्च ते मे या महिन्यांतच. थाळी रोज घासते. पोपट आजही येतात, पाणी पितात, कठड्यावर बसून कढीपत्त्याची पाने कुरतडतात. त्यांना माझ्या दाण्यांची गरज होती, हा माझा समज होता. गरज मला होती.

याउलट, चेन्नईच्या रोयापेट्टा भागात एका कॅमेरा दुरुस्त करणाऱ्या गृहस्थांच्या गच्चीवर फळ्यांवर मांडलेला भिजवलेला तांदूळ खायला हजारो पोपट येत असत. २००४ च्या त्सुनामीनंतर त्यांनी हे सुरू केले. त्यांच्या मायेविषयी मला आदर आहे, परंतु आपल्या दाराशी आलेल्या हजारो पक्ष्यांचे, घर सोडावे लागले तर पुढे काय होते, हा विचार मनात आल्याशिवाय राहत नाही.

ताई, एक व्यावहारिक प्रश्न: जाळीचे फीडर लावले तर छिद्रे किती मोठी ठेवतात? आमच्या गृहसंकुलातल्या बागेत चिमण्यांसाठी तसे काही करता येईल का, ते पाहायचे आहे.

---

मुळाकाठ (१८ जानेवारी)

कोरडवाहू, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. शहरातल्या पक्षीनिरीक्षकांनी माळ्यावर एक सकाळ बसून पाहायला हवे.

गच्चीवाली, फीडर कोणताही असो, स्वच्छता सर्वांत आधी. ब्रिटनमध्ये ग्रीनफिंच हा एके काळी बागांतला अगदी सामान्य पक्षी होता. २००५ पासून ट्रायकोमोनोसिस हा घशाचा आजार त्यांच्यात पसरला, एकाच भांड्यावर अनेक पक्ष्यांनी खाण्या-पिण्यामुळे तो वाढला आणि २०२१ मध्ये त्या पक्ष्याचे नाव तेथील धोक्यातल्या पक्ष्यांच्या लाल यादीत गेले. आठवड्यातून एकदा भांडी धुऊन पूर्ण वाळवणे आणि जागा अधूनमधून बदलणे, एवढे ज्याला जमणार नाही त्याने फीडर टांगूच नये. शेंगदाणे असतील तर बुरशीचा वास येणारे मुळीच वापरू नयेत. त्या बुरशीचे विष लहान पक्ष्यांना मारक ठरते.

---

थेम्सकाठ (१ मार्च)

सहा आठवडे उलटून गेले, तेव्हा काय केले ते सविस्तर लिहिते.

कोरडवाहूंचा प्रतिसाद वाचून त्याच आठवड्यात मी दोन्ही फीडर उतरवले आणि जाळीच्या पिंजऱ्यातला एक फीडर आणला. गच्चीवाली, त्याच्या जाळीचे चौकोन साधारण ५ सेंटीमीटरचे असतात. ब्लू टिट, ग्रेट टिट, रॉबिन आणि चिमण्या त्यातून आत जातात. पोपट, खार आणि कबुतर बाहेर राहतात. पहिला पिंजरा मात्र चुकीचा निघाला. आतली नळी जाळीच्या फार जवळ होती, त्यामुळे पोपटांनी दुसऱ्याच दिवशी चौकोनातून मान घालून बिया काढल्या. आता जो लावला आहे त्यात नळी आणि जाळी यांच्यात माझ्या पूर्ण वितीएवढे अंतर आहे. प्लास्टिकचे झाकण त्यांनी कुरतडून टाकले, म्हणून तेही धातूचे घेतले. तुमच्या संकुलात सुरुवातीलाच हे पाहून घ्या.

पोपट नऊ दिवस रोज आले. पिंजऱ्यावर बसले, जाळी ओढली, एकमेकांवर ओरडले. तेवढे दिवस मला स्वयंपाकघरात उभे राहणे जड गेले आणि आईला फोनवर सांगताना तर अधिकच. ती क्षणभर गप्प राहिली आणि मग म्हणाली, "अगं, राघूला रान आहे. त्या चिमुकल्यांना कोण आहे?" दहाव्या दिवशी पोपट दोनच आले. आता ते ॲशवर बसतात, त्याच्या कळ्या खुडतात आणि शेजारच्या गल्लीत कोणीतरी अजून उघडे शेंगदाणे ठेवते, तिकडे जातात. म्हणजे मी त्यांची संख्या घटवली असे मुळीच नाही, केवळ माझ्या अंगणातले वाटप बदलले आहे, हे मला मान्य आहे.

टिट मात्र परत आले. पूर्वी सकाळच्या अर्ध्या तासात मला त्यांच्या चार-पाच फेऱ्या दिसत. परवा त्याच वेळात मी सव्वीस मोजल्या. एक नुकसानही झाले आहे: मोठा सुतार पक्षी आणि स्टार्लिंग यांनाही आता आत जाता येत नाही आणि स्टार्लिंग तर येथे स्वतःच संकटात आहे. त्यासाठी दुपारी अर्धा तास, मी खिडकीशी असताना, जमिनीवरच्या तबकात थोडे खाद्य ठेवते आणि नंतर ते उचलून धुते. पोपट जमिनीवर उतरायला बिचकतात, निदान माझ्या बागेत तरी तसे आहे.

सोन्यारान, तुमच्या ढोलीच्या मुद्द्याने मला खरी काळजी लावली. ॲशच्या खोडात सुतार पक्ष्याची जुनी ढोली आहे आणि गेल्या आठवड्यापासून एक जोडी तिच्यात जा-ये करते आहे. नर तोंडाशी बसून कडा कुरतडतो, मादी आतून डोके बाहेर काढते. ती ढोली बंद करण्याचा अधिकार मला नाही आणि इच्छाही नाही. परंतु गेल्या वर्षी नटहॅच त्याच झाडावर चिखल घेऊन फिरताना दिसला होता, तेव्हा त्याच्यासाठी लाकडी पेटी आणून ठेवली आहे. तिचे भोक ३२ मिलिमीटरचे आहे आणि पोपटांनी ते रुंद करू नये म्हणून भोवती धातूची चकती बसवली आहे. शेजाऱ्यांनी झाडावर शिडी लावायला परवानगी दिली असून शनिवारी पाऊस नसेल तर ती पेटी ढोलीच्या विरुद्ध बाजूला, पूर्वेकडे तोंड करून लावणार आहे.